तोफेच्या टप्प्यातला डॉक्टर

उठा, तांबडं फुटायला आलंय. काल रात्री तुम्ही पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, कुठेही झोपला असाल. जाग आलीय ती रशियातल्या बोरोदिनो नावाच्या खेड्याजवळ, उघड्या माळावर. साल १८१२, सप्टेंबरची सात तारीख. पाठीखालचं गवत दवाने चिंब आहे, अंगातला जाडाभरडा कोटही भिजलाय आणि बोटं इतकी गारठलीत की मूठ वळत नाही. नाकात आधी शिरतो तो घोड्यांचा वास: लीद, घाम, ओलं चामडं. मागोमाग ओल्या लाकडांचा धूर येतो आणि डोळे चुरचुरतात. धुकं एवढं दाट की दहा हातांवर कोण खोकतंय तेही दिसत नाही. पण खोकणारे हजारो आहेत हे ऐकू येतं.

तुमच्या कुशीत एक पेटी आहे. ती सोडू नका, दिवसभर तुमची ओळख तीच. उघडून बघा: मेण लावलेले दोरे, गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या, आणि जुने लिननचे कपडे उसवून काढलेल्या धाग्यांचे मऊ पुंजके. जखमेत दाबायला हे पुंजके लागतात. या पेटीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी जखमींसाठी आपली पहिली पथकं उभी केली, तेव्हा मलमपट्टीचं सामान सांभाळायला ढोल वाजवणारा एक पोरगा नेमला होता. आज ते काम तुमच्याकडे आलंय.

मालक समोरूनच येताहेत. ठेंगणे, भरीव अंगाचे, खांद्यावर रुळणारे काळे केस, वय ४६. दोमिनिक-जाँ लारे. पिरेनीज डोंगरातल्या खेड्यातला पोरका मुलगा, तुलूझला सर्जन काकांच्या हाताखाली शिकला, आणि आज नेपोलियनच्या या अवाढव्य सेनेचा मुख्य सर्जन आहे. तीन वर्षांपूर्वी बॅरन ही पदवीही मिळालीय. पण त्यांच्याकडे नीट बघा. ते तंबूत बसून कागद मागवत नाहीत. स्वतः वाकून चाकूंच्या धारा अंगठ्याने तपासताहेत, करवतीचे दात बघताहेत, पाण्याच्या बादल्या मोजताहेत. मग तुमच्या पेटीत डोकावतात आणि कपाळाला आठी पडते. पट्ट्या कमी आहेत.

सहाच्या सुमाराला पहिली तोफ सुटते.

सांगून ठेवतो, तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच. तो आधी पायांतून वर चढतो, पोटात घुमतो आणि शेवटी दातांवर येऊन आदळतो. फ्रेंच आणि रशियन, दोन्ही बाजू मिळून हजारावर तोफा या एका माळावर आहेत. आपल्याकडे वळवाच्या आभाळात गडगडाट होतो तेव्हा दोन गडगडाटांमध्ये श्वास घ्यायला जागा असते. इथे ती नाही. अर्ध्या तासात धुकं वितळतं, ऊन पडतं, आणि त्या उन्हावर बारुदीचा पिवळट धूर पसरतो. दिवाळीच्या पहाटे गल्लीत साठतो तसा गंधकाचा वास, पण शंभरपट, आणि त्यात जळक्या लोकरीचा वास मिसळलेला. जिभेवर खारट, तुरट चव येते. तहान लागते. पाणी पिऊ नका, बादली जखमींची आहे.

आणि जखमी यायला लागतात.

जरा थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. ते इतक्या लवकर येताहेत हीच मुळात नवलाची गोष्ट आहे. लारे तरुणपणी ऱ्हाईन नदीकाठच्या सेनेत दाखल झाले, तेव्हा नियम असा होता की सेनेची इस्पितळाची गाडी लढाईपासून एक लीग, म्हणजे चार-साडेचार किलोमीटर, मागे थांबायची. लढाई संपली, मैदान आपल्या हाती राहिलं, की मग जखमी गोळा करायचे. तोवर दिवस उलटायचा, कधी दीड दिवस. मांडी फुटलेला माणूस तेवढा वेळ चिखलात पडून राहायचा. बहुतेकांना गोळीने नाही, या चार किलोमीटरांनी मारलं. १७९२ मध्ये लारेंनी पाहिलं की घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा मैदानात हव्या तिथे भरधाव नेता येतात. त्यांना प्रश्न पडला, तोफ अशी धावू शकते तर जखमींची गाडी का नाही?

ती गाडी तुमच्या डाव्या हाताला उभी आहे, चाकावर हात ठेवून बघा. दोन चाकं, दोन घोडे, दोन माणसं आडवी मावतील एवढी पेटी, बाजूंना हवेसाठी छोट्या खिडक्या, पुढे-मागे दारं. आत गादी आहे आणि तिच्याखालचा तळ रुळांवर सरकतो, म्हणजे माणसाला उचलून आदळावं लागत नाही, ओढून घेता येतं. पेटी स्प्रिंगवर टांगलेली, त्यामुळे खड्ड्यात चाक गेलं तरी मोडलेलं हाड हाडावर घासत नाही. डोंगराळ मुलखासाठी चार चाकांची मोठी गाडी वेगळी. या गाड्यांना ‘उडती रुग्णवाहिका’ म्हटलं गेलं, आणि नाव टिकलं. इजिप्तच्या वाळूत चाकं रुतायला लागली तेव्हा लारेंनी उंटांच्या दोन्ही अंगांना लांबट पेट्या टांगून त्यांत जखमी निजवले. त्यांच्या डोक्यात आयुष्यभर एकच प्रश्न होता: पडलेला माणूस आणि डॉक्टर यांच्यातलं अंतर कमी कसं करायचं?

चला, आता उभं राहून चालणार नाही. पहिली गाडी रिकामी होतेय.

एक अधिकारी पुढे येतो, खांद्यांवर सोनेरी झालरी, हाताला रुमाल गुंडाळलेला, दोन बोटं गेलेली. वेदना खरीच आहे, चेहरा पांढरा पडलाय. त्याच्या मागे गवतावर एक साधा पायदळातला पोरगा आहे, विशीचा असेल. गुडघ्याच्या वर मांडीचा चेंदा झालाय आणि विशेष म्हणजे तो ओरडत नाही. अधिकाऱ्याला वाटतं आपला नंबर आधी. तुम्हालाही तसंच वाटलं असेल, आपल्याकडे रांगेत साहेब आला की आपण आपसूक सरकतो. लारे मात्र पोराकडे बोट करतात. त्यांचा नियम स्वच्छ आहे: ज्याची जखम जास्त जीवघेणी, तो आधी. हुद्दा बघायचा नाही. आज जगभरच्या अपघात विभागांत परिचारिका रुग्णांची जी वर्गवारी करतात, तिच्या मुळाशी जाल तर या माळावर याल. एका सम्राटाच्या सैन्यात, जिथे सगळं हुद्द्यावर चालतं, तिथे हे रोज अमलात आणायला किती हिंमत लागत असेल याचा विचार करा. मला लारेंच्या चाकूपेक्षा त्यांचं हे बोट मोठं वाटतं.

पोराला टेबलावर घेतलंय. टेबल कसलं, दाराची फळी आणि खाली पिंपं. तुम्ही पेटी खाली ठेवा आणि दोन्ही हातांनी मांडीवरची कातडी वर ओढून धरा. घट्ट, आणखी वर. भुलीचं औषध नाही. ईथर यायला अजून ३४ वर्षं आहेत. त्याला घोटभर ब्रँडी मिळते, खांदे धरायला दोघं उभे राहतात, मांडीवर पट्टा आवळून रक्त रोखलं जातं. मग चाकू गोल फिरतो. एकदा, दुसऱ्यांदा, खोलवर. मग करवत. सुताराच्या दुकानात ऐकलेला आवाज इथे ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच पोटात कालवतं. हाडाचा भुसा उडतो, त्याला तापलेल्या शिंगासारखा वास येतो, बैलाची शिंगं साळताना येतो तसा. आता तुमचं काम: मेणाचा दोरा द्या. अजून एक द्या. रक्तवाहिन्या एकेक करून बांधल्या जातात, पुंजका, पट्टी, झालं. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. पोराने तुमच्या मनगटावर नखं रुतवलीत, त्याचे वळ आठवडाभर राहतील.

तुम्हाला बोलावंसं वाटतंय, मला कळतंय. ‘हात धुवा, चाकू उकळा.’ बोलून उपयोग नाही. जंतूंची गोष्ट सांगणारे पाश्चर अजून जन्मलेलेही नाहीत. लारेंना कारण माहीत नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं पक्कं माहीत आहे: असा चेंदा झालेला अवयव पहिल्या २४ तासांत काढला तर माणूस जगण्याची आशा असते, वाट पाहिली तर जखम सडते आणि ताप त्याला घेऊन जातो. शिवाय मार ताजा असताना शरीर बधिर असतं, वेदनाही थोडी कमी जाणवते. म्हणून ही घाई आहे, क्रूरपणा नाही. इजिप्त आणि सीरियात त्यांनी जखमांत अळ्या पाहिल्या होत्या आणि त्या फक्त मेलेलं मांस खातात, जिवंत मांसाला धक्का लावत नाहीत, हेही नोंदवून ठेवलं होतं. किळस बाजूला ठेवून नीट बघणारा माणूस होता तो.

दुपार झाली का? सांगता येत नाही, सूर्य धुरात लपलाय. गाड्या येतात, रिकाम्या होतात, पुन्हा धुरात शिरतात. एकीतून हिरव्या कोटातला रशियन शिपाई उतरवला जातो. तुम्ही थबकता, तो शत्रू आहे. लारे थबकत नाहीत. त्याचीही जखम बघितली जाते आणि त्याच रांगेत जागा मिळते.

तुमच्या पेटीचा तळ दिसायला लागतो. घाबरू नका, यापेक्षा वाईट झालेलं आहे. तीनच आठवड्यांपूर्वी स्मोलेन्स्क जळत असताना पट्ट्या संपल्या, तेव्हा लारेंची माणसं शहराच्या दप्तरखान्यात शिरली. तिथले जुने कागद जखमांत दाबले, चर्मपत्रांच्या घड्या करून मोडक्या हाडांना आधार दिला, आणि बर्च झाडावरचा कापसासारखा भुगा पुंजक्यांऐवजी वापरला. कुणाकुणाचे खरेदीखत, वारसाहक्क, करांचे हिशेब जखमांवर बांधले गेले असतील! मोडी दप्तरांची काळजी वाहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या जिवाला हे लागतं, पण त्या क्षणी मीही कागद फाडला असता.

रात्र पडते. तोफा थांबतात, आणि त्यांच्याखाली दबलेला आवाज आता वर येतो. माळभर माणसं हाका मारताहेत, फ्रेंचमध्ये, पोलिशमध्ये, जर्मनमध्ये, रशियनमध्ये. अर्थ सगळ्यांचा एकच आहे: पाणी. लारे थांबत नाहीत. तुम्ही मेणबत्ती धरा. वाऱ्याने ती विझते, पुन्हा पेटवा. वितळलेलं मेण बोटांवर पडतं तेवढीच काय ती ऊब. या २४ तासांत या एका माणसाने सुमारे २०० अवयव कापले. हिशेब करा, दर सात मिनिटांनी एक. त्यात खाणं, पिणं, डोळा लागणं काहीच बसत नाही.

पहाटे कुणीतरी भांड्यात घोड्याचं मांस शिजवतं. नाक मुरडू नका. सोबत कोबीचे दांडे आणि दोन-चार बटाटे आहेत, ते जखमींना. पाठ टेकायला पेंढासुद्धा मिळत नाही. शेकोटीपाशी एक जुना सैनिक लोबाऊ बेटाची गोष्ट सांगेल, ती ऐका. १८०९ मध्ये डॅन्यूबच्या त्या बेटावर हजारो जखमी अडकले होते, अन्न नव्हतं, भांडी नव्हती. लारेंनी अधिकाऱ्यांचे घोडे मारायला लावले, घोडेस्वारांची छातीवरची पोलादी चिलखतं उलटी करून त्यांत रस्सा शिजवला आणि मिठाऐवजी बारूद टाकली. घोडे गेलेले सेनापती नेपोलियनकडे तक्रार घेऊन गेले. नेपोलियनने डॉक्टरांची बाजू घेतली.

पण सम्राटाची मर्जी म्हणजे अधिकार नव्हे. या गोष्टीकडे मला तुम्हाला आणायचं होतं. लारे एवढे मोठे, पण त्यांच्या सेनेत डॉक्टरला खऱ्या अर्थाने लष्करी हुद्दा नव्हता. गाड्या, घोडे, पट्ट्या, ब्रँडी, पेंढा, सगळ्याच्या किल्ल्या पुरवठा खात्याच्या कारकुनी साहेबांकडे. लढाई संपली की बहुतेक तरुण सर्जनांना घरी पाठवलं जायचं, पुढच्या लढाईला पुन्हा नवी पोरं. लारे आणि त्यांच्या आधीचे मुख्य सर्जन पर्सी, दोघांनी कायमस्वरूपी वैद्यकीय दलासाठी धडपड केली, पण म्हणावं तसं यश आलं नाही. म्हणजे सबंध सेनेचा मुख्य सर्जन, ज्याच्या हातात चाकू होता पण गाडी नव्हती. आज आपल्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवांचे महासंचालक लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचे असतात, खांद्यावर हुद्दा, हाताखाली स्वतःचं दल. पुण्यात १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर घडताहेत. २०२४ मध्ये त्या सर्वोच्च पदावर पहिल्यांदा एक स्त्री आली, सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन. त्या हुद्द्याचं मोल कळायला बोरोदिनोची एक रात्र पुरते.

जखमींना मागे कोलोत्स्की मठात नेलं. मग सेना मॉस्कोकडे निघाली आणि तुम्हीही तिच्याबरोबर निघालात. ते सगळं मी वगळतो. पन्नासेक दिवसांनी, मॉस्को जळून झाल्यावर, तुम्ही त्याच वाटेने परत येता. वाऱ्याची दिशा बदलली की बोरोदिनो दिसायच्या आधी वासानेच कळतं. मठात तुम्ही पट्टी बांधलेल्यांपैकी कित्येक अजून तिथेच आहेत, तसेच. नेपोलियन हुकूम देतो, प्रत्येक गाडीने एक जखमी घ्यावा. गाड्या मॉस्कोच्या लुटीने भरलेल्या आहेत. गाडीवान जखमी घेतात खरे, पण पुढे वळणावर मुद्दाम खड्ड्यातून गाडी घालतात, वरचा माणूस खाली पडतो, आणि कुणी मागे बघत नाही. माणसाला गादीवरून सरकवण्यासाठी रूळ लावणाऱ्या डॉक्टरने हे पाहिलं. मला या सबंध मोहिमेत याहून दुःखाचं दृश्य माहीत नाही.

थंडी आता बोलण्यापलीकडे गेलीय. पापण्या चिकटतात, श्वास मिशीवर गोठतो. लारेंच्या कोटाला थर्मामीटर लटकतोय, ते चालता चालता त्याच्यावरचा आकडा बघतात. ते पायीच चालतात आणि तुम्हालाही चालायला लावतात. शेकोटी दिसली तरी धावू नका. गारठलेले हात-पाय एकदम विस्तवाला लावले की ते काळे पडतात आणि सडतात, हे त्यांनी पाच वर्षांपूर्वी आयलाऊच्या बर्फात पाहून ठेवलंय. पुढे धावत गेलेला माणूस तुमच्या डोळ्यांदेखत शेकोटीपाशी आडवा होतो.

नोव्हेंबर संपताना बेरेझिना नदी येते. दोन लाकडी पूल घाईने बांधलेले, आणि त्यांच्या तोंडाशी हजारोंची गर्दी: सैनिक, बायका, पोरं, गाड्या, घोडे. पंढरीच्या गर्दीत तुम्ही कधी चेंगरला असाल, पण तिथे मागून माउली म्हणत कुणीतरी हात देतं. इथे पाय घसरला की संपलं. रशियन तोफगोळे गर्दीत पडताहेत. लारे आधीच पलीकडे पोचलेले असतात. पण जखमींसाठी लागणारी शस्त्रक्रियेची सामग्री अलीकडच्या काठावर राहिलेली असते, म्हणून ते परत येतात. आणि अडकतात. पुलाच्या तोंडाशी दाब एवढा की बरगड्या करकरतात, श्वास छातीतच राहतो. ते बुडाले असते.

तेवढ्यात कुणीतरी ओळखतं. नाव पुकारलं जातं. तोंडातोंडी ते पुढे सरकतं. ज्यांनी आठवडाभर एकमेकांच्या हातातली भाकरी हिसकावली, त्याच लोकांचे हात वर होतात. लारेंना उचललं जातं आणि डोक्यांवरून, हातांहातांवरून पुढे दिलं जातं, थेट पुलावर. तुमचेही हात वर आहेत ना? त्यांच्या बुटाचा ओला तळवा क्षणभर तुमच्या पंजावर टेकेल. पुढच्या हातांत द्या.

त्याच दिवसांत, बर्फ पडत असताना, साठीच्या पोलिश सेनापती झायोंचेक यांचा पाय लारेंनी उघड्यावर कापला. वर तंबू नव्हता, सैनिकांनी एक झगा ताणून धरला होता. झायोंचेक पुढे १४ वर्षं जगले.

आता तुम्हाला परत आणतो, पण वाटेत दोन ठिकाणी क्षणभर थांबू. १८१३ मध्ये अडीच हजारांवर कोवळ्या शिपायांवर आरोप आला की लढाई टाळायला त्यांनी स्वतःचीच बोटं उडवून घेतली. शिक्षा गोळी घालण्याची. लारेंनी एकेक हात तपासला आणि दाखवून दिलं की मागच्या रांगेतल्या अननुभवी पोरांच्या बंदुकांनी पुढच्यांची बोटं गेलीत. सगळे वाचले. आणि १८१५ मध्ये वॉटर्लूनंतर प्रशियन सैनिकांनी लारेंना पकडलं, गोळी घालायलाच निघाले होते. तिथल्या एका सर्जनने त्यांना ओळखलं, बर्लिनमध्ये त्याने त्यांचं व्याख्यान ऐकलं होतं. नेपोलियनने मृत्युपत्रात लारेंसाठी एक लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेला सर्वांत सचोटीचा माणूस म्हणून त्यांचं नाव लिहिलं.

पुढेही लारे शांत बसले नाहीत. १८४२ मध्ये, ७६व्या वर्षी, ते समुद्र ओलांडून अल्जीरियाला गेले, तिथली लष्करी इस्पितळं तपासायला. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि २५ जुलैला लियोंमध्ये गेले. तीनच दिवसांपूर्वी त्यांची पत्नी शार्लोत वारली होती, ते त्यांना कळलं नव्हतं. आपल्याला सैनिकांच्या इस्पितळात, इन्व्हॅलिड्समध्ये पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. ती तेव्हा मान्य झाली नाही. १९९२ मध्ये, १५० वर्षांनी, त्यांना तिथे आणलं गेलं.